कासवाचे डोळे सुजलेत, तापीत सोडू का?

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी, म्हणून थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी मुलाने हट्ट केला आणि जळगावच्या फिश टँकच्या दुकानातून दोन कासवं घरी आली, तेव्हा दहाच्या नाण्याएवढी होती, आता तळहाताएवढी झालीत. स्वयंपाकघरात ओट्याखाली प्लॅस्टिकच्या टबात असतात. खायला भात, पोळीचे तुकडे, केळं आणि दुकानदाराने दिलेल्या डबीतले सुके झिंगे. दिवाळीनंतर थंडी पडली तशी एकाने खाणं सोडलं आणि आता त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झालेत. शेजारी म्हणतात माणसांचे ड्रॉप टाका, सासूबाई म्हणतात "त्यासले तापीमा सोडी द्या", आणि दीर म्हणतात ही दोन्ही देऊन टाका, मी मित्राकडून चांगलं चांदण्यावालं कासव आणतो, ते लकी असतं. घरात तीन वर्षांची मुलगीपण आहे, ती रोज कासवाची पापी घेते. ताईंचे प्रश्न तीन: आजारी आहे हे कसं ओळखायचं, हातात कसं धरायचं, आणि सोडायचं का.

ताई, पापीवरून सुरुवात करायचा मोह होतोय पण ते नंतर. आधी जे आजच्या आज करायचंय ते सांगतो.

तुम्ही लिहिलंय की डोळ्यामागे लाल पट्टा आहे, म्हणजे हे रेड इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्याकडचं. आपल्याकडे दुकानात जे हिरवं पिल्लू विकतात ते बहुतेक हेच असतं. आता या प्राण्याची गोष्ट अशी की त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, बाहेर जेवढी तेवढीच आत. पाणी गार झालं की पोट थांबतं, खाल्लेलं पचत नाही, अंगातली रोगाशी लढायची ताकदही मंदावते. अमळनेरला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे किती गारठा असतो ते तुम्हाला मी काय सांगू, आणि फरशीवर ठेवलेल्या टबातलं पाणी तर त्या वेळी हात घालवत नाही इतकं गार असतं. त्यामुळे खाणं सोडलं याचं पहिलं कारण मला तिथेच दिसतंय. डोळ्यात काहीही टाकण्याआधी त्याला ऊब द्या. बाकी सगळं त्यानंतर.

आजारी असलेलं वेगळ्या टबात काढा. पाणी कमी ठेवा, पाठ जेमतेम बुडेल इतकं, म्हणजे मान वर केली की नाक बाहेर यावं आणि पोहायची मेहनत नको. पाणी 27-28 डिग्रीला राहिलं पाहिजे, त्यासाठी फिश टँकचा हीटर मिळतो, थर्मोस्टॅटवाला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारा घ्या आणि त्याला प्लॅस्टिकची जाळी हवीच कारण कासव धडका मारून काच फोडतं. एक साधं टँकचं थर्मामीटरही घ्या, बोट बुडवून "कोमट वाटतंय" असा अंदाज नका करू. टबात एका बाजूला वीट किंवा सपाट दगड, कासव पूर्ण कोरडं होऊन बसू शकेल असा, आणि त्याच्यावर पिवळा बल्ब, दगडावर 32 ते 35 डिग्री होईल इतक्या उंचीवर. एलईडी चालणार नाही, त्याने ऊब मिळत नाही. तारेचा जुना पिवळा बल्ब आता किराणा दुकानात सहसा मिळत नाही पण पोल्ट्रीवाल्यांना विचारा, कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला ते वापरतात. आणि बल्ब दोरीने लोंबकळत ठेवू नका हो, नीट क्लिप मारून पक्का करा, पाण्यात पडला तर कासव जाईल ते जाईल, हात घालणाऱ्यालाही शॉक बसेल.

आता औषधाचं. माणसांचे ड्रॉप बंद. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड असतं, इन्फेक्शन असेल तर ते वाढतं. हळदीचं पाणी, तूप, मध, काहीच नको. व्हिटॅमिन ए कमी पडलं की स्लायडरचे डोळे असे सुजतात हे खरंय, आणि भात-पोळीवर वाढलेल्या कासवात ते असणारच असा माझा अंदाज आहे, पण म्हणून मेडिकलमधून व्हिटॅमिन एच्या गोळ्या फोडून पाजू नका, ते जास्त झालं तर कातडी सोलून निघते. किती द्यायचं ते डॉक्टर वजनावर ठरवतात. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: आयव्हरमेक्टिन. आपल्याकडे ज्यांच्याकडे गाई-म्हशी-बकऱ्या आहेत त्यांच्या घरात गोचीड-जंताचं हे औषध असतंच, आणि कुणीतरी प्रेमाने म्हणतं की थोडंसं याला पण देऊन बघा. कासवासाठी ते विष आहे. सगळ्या प्रकारच्या कासवांसाठी. गुरांच्या डॉक्टरकडे कासव नेलं तरी तोंडाने स्पष्ट सांगा की आयव्हरमेक्टिन नको, यात त्यांचा अपमान वगैरे काही नाही, त्यांच्या रोजच्या कामात कासव येतच नाही तर लक्षात कसं राहणार.

डॉक्टरकडे मात्र जायचंच आहे, ऊब देऊन तीन-चार दिवसांत डोळे उघडले नाहीत तर नक्कीच. आधी फोन करून विचारा की कासव बघता का. जळगाव-धुळ्यात कुणी बघत नसेल तर नाशिक, पुणे किंवा मुंबईला "एक्झॉटिक" म्हणजे नेहमीच्या गुरं-कुत्र्यांपेक्षा वेगळे प्राणी बघणारे डॉक्टर असतात, तुमचे गावातले डॉक्टर त्यांच्याशी फोनवर बोलून इलाज करू शकतात, असं होतं आजकाल. नेताना पाण्याच्या पिशवीत नका नेऊ, भोकं पाडलेल्या डब्यात ओला टॉवेल घालून न्या, एसटीत खिडकीच्या वाऱ्यात धरू नका. टबाचे, खाण्याचे, विष्ठेचे फोटो मोबाइलमध्ये घ्या, डॉक्टरला अर्धा आजार त्यातच कळतो.

आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, पाण्यात एका बाजूला कलून तरंगत असेल, तर तीन-चार दिवसही थांबू नका. ती न्यूमोनियाची लक्षणं असतात. पाठ तडकली, रक्त आलं, शेपटीखालून काही बाहेर आलं आणि आत जात नाही, तेव्हाही तेच. बाहेर आलेला भाग ओल्या फडक्याने झाकून लगेच निघायचं. फक्त एक, नर कासव कधीकधी जांभळट-काळं काहीतरी बाहेर काढतं आणि बायामाणसं घाबरतात की आतडं आलं, ते त्याचं लिंग असतं, थोड्या वेळात आत गेलं तर चिंता नाही.

बरं, आता ओळखायचं कसं. कासव आजार लपवतं. जंगलात आजारी दिसलं तर शिकार होणार म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखं वागतं, आणि आपल्याला कळतं तेव्हा तो आजार बरेच दिवस अंगात मुरलेला असतो. त्यामुळे ते "दिसेल तेव्हा बघू" वर सोडायचं नाही, दर रविवारी ठरवून बघायचं. तुमच्या मुलालाच हे काम द्या, सातवीतला पोरगा आरामात करेल. वही करायला सांगा. सगळ्यात आधी वजन, चार-पाचशे रुपयांत डिजिटल काटा मिळतो, तो कासवाचाच ठेवायचा, मसाल्याच्या डब्यांजवळ नको. वाढत्या कासवाचं वजन हळूहळू वाढत राहिलं पाहिजे, दोन-तीन आठवडे सलग उतरलं तर ते खात असलं तरी कुठेतरी गडबड आहे. मला विचाराल तर बाकी काहीच जमलं नाही तरी वजन सोडू नका, कारण डोळ्यांना कळायच्या आधी काट्याला कळतं.

मग हातात घेऊन बघायचं. डोळे उघडे, चकचकीत, सारखे आहेत का. नाक कोरडं का, पाण्याबाहेर काढल्यावर थोडं पाणी येतं ते सोडून द्या, चिकट किंवा फेसाळ नको. डोक्याच्या बाजूला, डोळ्याच्या मागे जिथे कान असतो तिथे गोळा आलाय का, तो पू असतो, घाण पाणी आणि व्हिटॅमिन एची कमी याने होतो आणि डॉक्टरला कापून काढावा लागतो. पाठ अंगठ्याने हलके दाबून बघा. दोन वर्षांच्या कासवाची पाठ टणक हवी, दबत असेल तर कॅल्शियम आणि ऊन कमी पडलंय, याला हाडं मऊ होण्याचा आजार समजा. पाठीचे पातळ, पारदर्शक पापुद्रे निघतात ते नॉर्मल, वाढताना निघतातच. खड्डे पडलेत, मऊ पडलंय, वास येतोय, खाली लालसर दिसतंय, ते मात्र सडणं असतं. पाय हळूच ओढून बघा, ठणठणीत कासव जोरात आत खेचतं. आणि हो, तुमच्या पत्रात लिहिलंय की दुसऱ्याची पुढची नखं फार वाढलीत, कापू का? अहो तो नर आहे, नर स्लायडरची पुढची नखं लांबच असतात, मादीसमोर हलवून दाखवायला. कापू नका बिचाऱ्याची.

मादी असेल तर अजून एक. जवळ नर नसला तरी मोठी झाल्यावर मादी अंडी घालते. ती अचानक बेचैन झाली, टबातून बाहेर यायची धडपड करायला लागली, मागच्या पायांनी उकरल्यासारखं करायला लागली तर तिला ओलसर वाळू-मातीचा खोल घमेला द्या. अंडी अडकली तर जीव जातो.

धरायचं कसं, ते तसं सोपं आहे पण सगळे उभ्या उभ्या उचलतात आणि तिथेच चुकतं. खाली जमिनीवर बसायचं, मांडीवर टॉवेल, आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये धरायचं, अंगठे पाठीवर, बोटं पोटाखाली, तोंड आपल्यापासून लांब. ते पाय मारणार, नखं लागणार, कधी मुतणारही, म्हणूनच जमिनीवर बसायचं, हातातून सुटलं तरी दोन इंचावरून पडेल. कंबरेएवढ्या उंचीवरून फरशीवर पडलं तर पाठ फुटते, आणि ती पाठ म्हणजे काही वरून घातलेलं चिलखत नाही, पाठीचा कणा आणि फासळ्या तिलाच जोडलेल्या असतात, तिला दुखतं, रक्त येतं. त्यामुळे नेलपॉलिशने नाव लिहिणं, रंग देणं हेही बंद. शेपटीने उचलायचं नाही. उलटं करून ठेवायचं नाही, पोट बघायचं तर अलगद तिरपं करून बघा आणि सरळ करा. चावलं तर ओढू नका, हातासकट पाण्यात धरा, सोडून देतं. आणि पाच-दहा मिनिटांत तपासणी उरकून परत ठेवून द्या, कासवाला कुरवाळलेलं आवडतं असं काही नसतं, तो ताणच असतो त्याला. इन्स्टावर गळ्यात साप आणि डोक्यावर इग्वाना घेऊन फिरणारी पोरं बघून मुलं तेच करायला जातात, त्यांना सांगा की तिथे फक्त लाइक मिळतात.

आता पापी. ताई, ही पापी आजपासून बंद, रडली तरी बंद. कासवाच्या पोटात साल्मोनेला नावाचा जंतू राहतो, कासव एकदम ठणठणीत असतं पण त्याच्या विष्ठेतून तो पाण्यात, पाण्यातून पाठीवर आणि तिथून आपल्या हाता-तोंडात येतो. अमेरिकेत 1975 साली चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं पाळायला विकायलाच बंदी घातली, कारण हेच, लहान मुलं ती तोंडात घालायची आणि आजारी पडायची. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं, यांनी कासवाला आणि त्याच्या पाण्याला हातच लावायचा नाही. बाकीच्यांनी हात लावला की साबणाने नीट, 20 सेकंद. टब स्वयंपाकघरातून उचला, भांडी घासतो त्या सिंकमध्ये किंवा मोरीत त्याचं पाणी ओतू नका, टॉयलेटमध्ये ओता. ब्रश, मग, बादली वेगळी. मुलीला कधी ताप, जुलाब, पोटात कळा असं झालं तर डॉक्टरला आपणहून सांगा की घरात कासव आहे, ते विचारतीलच असं नाही.

खाण्याबद्दल जास्त नाही लिहीत. भात, पोळी, दूध, फरसाण बंद. केळं आपल्याकडे घरोघरी असतं म्हणून कासवालाही मिळतं, महिन्यातून एखादा तुकडा ठीक, रोज नको. सुके झिंगे म्हणजे त्याच्यासाठी चिवडा आहे, त्यावर जगता येत नाही. कासवाचे पेलेट, म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या आणा, मोठ्याला दिवसाआड, साधारण त्याच्या डोक्याएवढे. बरोबर किसलेलं गाजर, लाल भोपळा, मेथी-कोथिंबिरीची पानं, कधी अख्खी छोटी ताजी मासोळी. बाजारातलं सुकट-बोंबील नको, मीठ असतं. पाण्यात समुद्रफेणाचा तुकडा टाकून ठेवा, कुरतडतं, कॅल्शियम मिळतं. खायला पाण्यातच द्यायचं, कोरड्यावर या कासवाला गिळताच येत नाही. वेगळ्या बादलीत खाऊ घातलं तर टब कमी घाण होतो, आणि आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते बघता हे फार कामाचं आहे. फिल्टर असेल तर पाणी पूर्ण बदलायची गरज नाही, थोडं थोडं बदललं तरी चालतं, नळाचं पाणी मात्र एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. आणि आजारी कासवाला ऊब मिळाल्याशिवाय तोंड उघडून खाऊ घालू नका, आत सडतं.

ऊन हवंच. खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही, त्याला लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. एकतर यूव्हीबीचा दिवा आणा, रोज 10-12 तास, आणि तो पेटत असला तरी वर्षभरात बदला कारण उजेड राहतो पण किरण संपतात. नाहीतर सकाळचं ऊन, अर्धा तास घराच्या धाब्यावर, अर्ध्या टबावर सावली करून, कुणीतरी शेजारी बसून, कारण कावळे आणि मांजरं. थंडीत दहा वाजता चालेल, एप्रिल-मेमध्ये आठच्या आत परत आणायचं, 44-45 डिग्रीत उघडा टब म्हणजे कासव शिजलंच म्हणून समजा. उन्हाळ्यात वरच्या टाकीचं पाणीही डायरेक्ट टबात सोडू नका, ते पोळतं.

हो, आणि कासव गार पडून हलत नाहीसं झालं तर लगेच पुरायला नेऊ नका. थंडीत गारठलेलं कासव हुबेहूब मेल्यासारखं दिसतं. हळूहळू ऊब देऊन बघा, डॉक्टरला दाखवा, मग काय ते.

तापीचं. सासूबाईंचा जीव चांगला आहे, त्यांना वाटतं मुका जीव मोकळा होईल, त्यांना समजून सांगा. स्लायडर जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत आहे. तापीत, बोरीत, जळगावच्या मेहरुण तलावात, गावच्या विहिरीत, कुठेही सोडलं तर आपली देशी कासवं ज्या दगडांवर ऊन खातात त्या जागा हे बळकावतं, त्यांचं खाणं खातं, आणि टबातले आजार तिकडे पोचवतं. आत्ता तर ते डोळे मिटलेलं आहे, सोडलं तर उपाशी मरेल. नाहीच सांभाळणं झालं तर नीट ठेवणारं घर शोधून द्या. 20-30 वर्षं जगणारा आणि मादी असेल तर फूटभर होणारा प्राणी आहे हे दुकानदाराने सांगितलं नसणार, तेव्हा हेही ठरवून टाका की मुलगा कॉलेजला पुण्याला गेला की टबाजवळ कोण बसणार.

राहिले दीर. चांदण्यावालं म्हणजे स्टार कासव, आपलं देशी, आणि ते पाळणं, विकत घेणं, भेट म्हणून देणं-घेणं सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी आहे, इतकी त्याची तस्करी होते. लकी म्हणून घरात आणलेल्या कासवापायी माणूस कोर्टाच्या चकरा मारतो. मित्राकडे ऑलरेडी असेल तर त्याने ते गपचूप शेतात सोडू नये, वनखात्याचा 1926 हा टोल फ्री नंबर आहे, तिथे कळवावं. हे दिरांना तुम्हीच सांगा किंवा हा पेपरच त्यांच्यापुढे ठेवा, आणि हीटर लावल्यापासूनचं रोजचं पाण्याचं तापमान आणि रविवारचं वजन मला लिहून कळवा, डोळे उघडले की नाही तेही.